विश्लेषण : घरच्या फोटो-फायलींची पेटी तयार घ्यावी की स्वतः जोडावी?

घरातला सगळा डिजिटल ऐवज एका ठिकाणी साठवणारे ‘नॅस’ आता घरगुती ग्राहकही विचारू लागले आहेत. तयार यंत्र की जुन्या संगणकातून स्वतः जोडलेले, हा वाद जुना आहे. मात्र दमट हवा, बेभरवशाची वीज आणि शेकडो किलोमीटरवरचे सर्व्हिस सेंटर असलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात त्याचे उत्तर वेगळे येते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा तिथल्या एसटी आगाराच्या व्यवस्थापकांनी आगारातली सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर आसरा घेतला. पाणी ओसरेपर्यंत कित्येक तास ते तिथेच बसून होते. रोकड वाचली, कारण ती उचलून वर नेता आली. त्याच पुरात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची हजारो पुस्तके भिजली आणि घराघरांतले, दुकानांतले संगणक चिखलाने भरले. नुकसानीच्या पंचनाम्यात संगणकाची किंमत लागते. त्यातल्या लग्नाच्या फोटोंची, हिशेबाच्या फायलींची किंवा वडिलांच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रणाची लागत नाही.

ही पेटी म्हणजे नेमके काय?

‘नॅस’ म्हणजे घरातल्या वायफायला जोडलेला, कायम चालू असणारा साठा. डब्याएवढे यंत्र, त्यात एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क बसवण्याचे कप्पे, आणि राउटरपर्यंत जाणारी एक केबल. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवरचे फोटो रात्री आपोआप त्यात उतरतात, लॅपटॉपच्या फायलींची प्रत होते आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीवर जुने व्हिडीओ पाहता येतात. पेनड्राइव्ह किंवा सुट्या हार्ड डिस्कपेक्षा हे वेगळे अशासाठी, की इथे कोणाला काही आठवणीने करावे लागत नाही. ‘या रविवारी बॅकअप घेऊ’ असे म्हणणाऱ्या घरांत तो रविवार सहसा येत नाही.

दोन कप्प्यांच्या यंत्रात दोन्ही डिस्कवर तीच माहिती एकाच वेळी लिहिण्याची सोय असते. तिला ‘रेड-१’ किंवा मिररिंग म्हणतात. ही कल्पना रूढ झाली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ च्या शोधनिबंधामुळे. एक डिस्क बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहते आणि नवी डिस्क बसवली की जोडी पुन्हा पूर्ण होते.

क्लाऊड असताना याची गरज काय?

१ जून २०२१ पासून गुगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण बंद झाली आणि १५ जीबीची मर्यादा सर्वांना लागू झाली. त्यापुढे १०० जीबीसाठी महिना १३० रुपये आणि दोन टीबीसाठी महिना ६५० रुपये, असे दर भारतात गेली काही वर्षे आहेत. शंभर जीबीत भागणाऱ्या कुटुंबाने खरे तर नॅसच्या फंदात पडूच नये. चार एमबीचा एक फोटो धरला तर शंभर जीबीत २५ हजार फोटो बसतात.

प्रश्न सुरू होतो तो व्हिडीओमुळे. मोबाइलवर फोर-के दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडीओ पावणेदोनशे ते चारशे एमबी जागा खातो. मुलांची गॅदरिंग, गणपतीतली आरती, लग्नाच्या छायाचित्रकाराने दिलेल्या मूळ फायली आणि आजोबांच्या काळातल्या अल्बमचे स्कॅन एकत्र केले, की आकडा टीबीत जातो. रत्नागिरीतल्या होमस्टेवाल्यांकडे, बागायतदारांकडे आणि छोट्या स्टुडिओंकडे त्याखेरीज व्यवसायाच्या फायली असतात.

क्लाऊडची दुसरी अडचण वेगाची. एक टीबी माहिती २० एमबीपीएसच्या अपलोड वेगाने चढवायला अखंड साडेचार दिवस लागतात. तेवढा वेळ इंटरनेट आणि वीज दोन्ही टिकली, तर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या अनेक गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले आणि मोबाइलचे मनोरेही बंद पडले. त्या काळात क्लाऊडवरची माहिती सुरक्षित होती, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट नव्हती.

तयार यंत्राचे पैसे कशाचे?

सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या तैवानी कंपन्यांची यंत्रे भारतात सहज मिळतात. पहिल्यांदा घेणाऱ्याला एक धक्का बसतो: किंमत बहुतेक वेळा रिकाम्या यंत्राची असते, डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि दोन चांगल्या डिस्कची किंमत यंत्राइतकी किंवा त्याहून अधिक होऊ शकते. आतला प्रोसेसर पाहिला तर तो साधाच असतो. त्याच पैशांत याहून ताकदवान संगणक जोडता येतो, असे स्वतः जोडणारे म्हणतात आणि ते बरोबर आहे.

पण पैसे प्रोसेसरचे नसतात. ते आतल्या सॉफ्टवेअरचे, मोबाइल अ‍ॅपचे आणि वर्षानुवर्षे येणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्यांचे असतात. डिस्क खराब होऊ लागली की यंत्र बीप वाजवते, दिवा लाल होतो, ईमेल येतो. बाहेरगावाहून घरचे फोटो पाहण्याची सोय कंपनीच्या सर्व्हरमार्फत दोन-चार बटणांत सुरू होते. हे शेवटचे वाटते तितके किरकोळ नाही. अनेक इंटरनेट पुरवठादार घरगुती ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत; शेकडो घरे एकाच पत्त्यामागे असतात. अशा जोडणीवर मुंबईतल्या मुलीला रत्नागिरीच्या घरातला साठा उघडायचा असेल, तर स्वतः जोडलेल्या यंत्रावर टेलस्केल किंवा वायरगार्डसारखी व्यवस्था बसवावी लागते. जमणाऱ्याला तासाभराचे काम आहे. न जमणाऱ्याचे दोन-तीन रविवार त्यात जातात.

तयार यंत्र म्हणजे कंपनीच्या मर्जीशी बांधून घेणे, हा आक्षेपही पोकळ नाही. सिनॉलॉजीने २०२५ मध्ये आपल्या ‘प्लस’ श्रेणीतल्या नव्या यंत्रांत बाहेरच्या बहुतेक डिस्क वापरण्यावर बंधने घातली. ग्राहकांची नाराजी इतकी वाढली, की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती बऱ्याच अंशी मागे घ्यावी लागली. २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ आणि २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर प्रोग्रॅमनी जगभरातली हजारो क्यूनॅप यंत्रे कुलूपबंद केली. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या यंत्रांवरचा साठा इंटरनेटवरून परस्पर पुसला गेला. या यंत्रांना २०१५ नंतर सुरक्षा-दुरुस्त्या मिळालेल्या नव्हत्या. या घटनांतून एक नियम निघतो आणि तो दोन्ही प्रकारच्या यंत्रांना लागू आहे. नॅस थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये आणि कंपनीचा आधार संपलेले यंत्र राउटरला लावून ठेवू नये.

स्वतः जोडण्यात काय मिळते?

घरात पडून असलेला जुना डेस्कटॉप, दोन नव्या डिस्क आणि ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅससारखी मोफत प्रणाली, एवढ्यात नॅस तयार होते. फोटोंसाठी ‘इमिच’ हे मुक्त सॉफ्टवेअर गुगल फोटोजसारखेच चेहरे ओळखते, तारखेप्रमाणे लावते आणि सगळे घरातल्या घरात ठेवते. एखादा भाग बिघडला तर तो रत्नागिरीच्या बाजारातच मिळतो: पॉवर सप्लाय, रॅम, पंखा. तयार यंत्राचा मदरबोर्ड गेला तर तसे होत नाही. ते कुरिअरने मोठ्या शहरात पाठवायचे आणि परत येण्याची वाट पाहायची. ऐन पावसाळ्यात आंबा घाट किंवा परशुराम घाट बंद असेल, तर आणखी वाट पाहायची.

बचत मात्र दिसते तेवढी नसते. दोन डिस्कचे तयार यंत्र साधारण १५ ते २० वॉट वीज घेते. जुना डेस्कटॉप काही न करता ५० ते ८० वॉट घेतो. २० वॉटचे यंत्र चोवीस तास चालले तर महिन्याला सुमारे १४ युनिट, ६० वॉटचा डेस्कटॉप चालला तर ४३. महिना ८० युनिट वापरणारे घर पहिल्या बाबतीत ९४ वर राहते, दुसऱ्या बाबतीत १२३ वर जाते. आणि महावितरणच्या घरगुती दरात शंभरच्या वरच्या युनिटांना पुढच्या टप्प्याचा चढा दर लागतो. पाच वर्षांत हा फरक सतराशे युनिटांच्या पुढे जातो. ‘फुकटचा’ डेस्कटॉप फुकट राहत नाही. यावर उतारा म्हणजे इंटेलच्या एन-१०० सारख्या कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरचा छोटा संगणक. पण तो नवा घ्यायचा, तर तयार यंत्राशी असलेले किमतीचे अंतर बरेच कमी होते.

डिस्क निवडतानाही एक फसगत टाळावी. काही डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. अशी डिस्क स्वस्त पडते, पण बिघाडानंतर जोडी नव्याने भरताना फार मंदावते. २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीच्या नॅससाठीच्या डिस्कमध्येही हे तंत्र न सांगता वापरल्याचे उघड झाले होते. विक्रेत्याला ‘सीएमआर आहे ना?’ एवढे विचारावे.

कोकणातली हवा आणि वीज काय करते?

जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, कपाटात बुरशी आणि किनाऱ्यालगत हवेत खार. डिस्कला दमट हवा तशी चालते. तिच्यावर पाण्याचे दव जमलेले चालत नाही. कायम चालू असलेले यंत्र आतून कोमट राहते, त्यामुळे दव धरत नाही. बंद ठेवलेल्या यंत्राला धोका अधिक. गणपती आणि शिमगा सोडून वर्षभर कुलूप असलेल्या घरात नॅस ठेवण्यात म्हणूनच अर्थ नाही. चालू ठेवले तर लक्ष द्यायला कोणी नाही, बंद ठेवले तर ओल आहे. जुन्या डेस्कटॉपच्या मोठ्या, जाळीदार डब्यात खारी हवा, धूळ आणि पाल यांना वाव जास्त मिळतो. पालीमुळे मदरबोर्ड गेल्याचे किस्से इथल्या संगणक-दुरुस्तीवाल्यांना नवे नाहीत.

विजेचे दोन प्रश्न आहेत, आणि मराठीत दोन्हींना शब्द एकच. तारेतली वीज जाते-येते, आभाळातली पडते. पहिलीसाठी अनेक घरांत इन्व्हर्टर असतो, पण वीज गेल्यावर इन्व्हर्टर भार उचलेपर्यंतच्या क्षणात नॅस बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकते. डिस्कवर लिहिणे चालू असताना असे वारंवार झाले, तर फायलींची सूची बिघडते. इन्व्हर्टरला ‘यूपीएस मोड’चे बटण असेल तर ते चालू करावे. त्याहून चांगले म्हणजे नॅसला स्वतंत्र छोटा यूपीएस द्यावा आणि तो यूएसबी केबलने नॅसला जोडावा. बॅटरी संपत आली, की यूपीएस इशारा देतो आणि नॅस स्वतःहून व्यवस्थित बंद होते. तयार यंत्रात ही सोय एका खुणेवर चालू होते. ओपनमीडियाव्हॉल्ट आणि ट्रूनॅसमध्येही ती आहे, मात्र ती नीट बसली की नाही, हे मुद्दाम प्लग काढून तपासावे लागते.

आभाळातल्या विजेचा धोका वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात मोठा असतो. त्यावर उपाय अर्थिंगचा, आणि जांभ्याच्या कातळावर चांगले अर्थिंग मिळणे कठीण. खड्डा खोल, त्यात कोळसा-मीठ, उन्हाळ्यात पाणी घालणे, हे सगळे करूनही एकदा इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावे. इंटरनेट तांब्याच्या तारेऐवजी फायबरवर असेल तर त्या वाटेने विजेचा लोट येत नाही, हा एक दिलासा. राउटरचा अ‍ॅडॉप्टर मात्र त्याच घरातल्या विजेवर असतो, तेव्हा त्यालाही सर्ज प्रोटेक्टर हवा.

घरात राहते कोण?

हा प्रश्न तांत्रिक लेखांत सहसा येत नाही, आणि रत्नागिरीत निर्णय त्यावरच व्हायला हवा. इथल्या असंख्य घरांत आई-वडील गावी आणि मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असतात. नॅसची हौस मुलाला असते, नॅस असते आई-वडिलांकडे. गणपतीच्या सुट्टीत तो जुन्या संगणकात डिस्क टाकून सगळे सुरेख लावून देतो आणि गौरी-विसर्जनानंतर परत जातो. नोव्हेंबरमध्ये एक डिस्क मरते. ईमेलचा इशारा लावायचा राहिलेला असतो, त्यामुळे कोणाला कळत नाही. उन्हाळ्यात दुसरी मरते. किंवा त्याहून साधे: वीज जाऊन येते, संगणक सुरू होताना कीबोर्ड सापडला नाही म्हणून अडून बसतो आणि पडद्याअभावी तो अडला आहे हे कोणालाच दिसत नाही.

स्वतः जोडलेल्या यंत्राचा सगळा नकाशा जोडणाऱ्याच्या डोक्यात असतो. कुठली प्रणाली, कुठला पासवर्ड, कुठली डिस्क कुठल्या जोडीतली. तो माणूस परगावी असेल, आजारी पडला किंवा उद्या नसला, तर उरलेल्यांच्या हाती एक बंद डबा उरतो. तयार यंत्राचे नाव-मॉडेल सांगितले, तर निदान रत्नागिरीतला एखादा जाणकार दुरुस्तीवाला किंवा कंपनीचा मदत-क्रमांक पुढचे सांगू शकतो. सिनॉलॉजीचे यंत्र मेले तरी त्यातल्या डिस्क लिनक्स असलेल्या साध्या संगणकाला जोडून वाचता येतात आणि त्याची रीत कंपनीनेच जाहीर केलेली आहे.

याची दुसरी बाजूही आहे. ज्या घरात रोज संगणक उघडणारा माणूस राहतो, मग ती पॉलिटेक्निकमध्ये शिकणारी मुलगी असो की स्वतःचा स्टुडिओ चालवणारा छायाचित्रकार, तिथे स्वतः जोडलेले यंत्र अधिक टिकाऊ ठरू शकते, कारण तिथे बिघाड म्हणजे बाजारात जाऊन येण्याचे काम.

दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत का?

नव्हेत. गैरसमज इथेच सर्वाधिक आहे. मिररिंगमध्ये चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर प्रोग्रॅम दोन्ही कुलूपबंद करतो. आणि वाशिष्ठीचे किंवा जगबुडीचे पाणी घरात शिरले, तर ते एका कप्प्यात शिरून दुसऱ्यापाशी थांबत नाही. चिपळूण, खेडसारख्या पूररेषेतल्या गावांत तर नॅस पहिल्या मजल्यावर ठेवावे. २०२१ मध्ये तळमजले पाण्याखाली गेले होते.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम जगभर पाळला जातो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरच्या प्रतीसाठी कोकणाकडे एक तयार यंत्रणा आहे आणि तिला महिन्याचे शुल्क नाही, ती म्हणजे चाकरमानी. दोन सुट्या यूएसबी डिस्क घ्याव्यात. गणपतीला नॅसची पूर्ण प्रत एकीवर काढून ती मुंबई-पुण्याला रवाना करावी; शिमग्याला ती परत येताना दुसरी जावी. टीबीभर माहिती कोकण रेल्वेने एका रात्रीत घाटापलीकडे पोहोचते, इंटरनेटने तिला चार-पाच दिवस लागतात. मधल्या सहा महिन्यांतले फोटो तेवढे क्लाऊडच्या छोट्या योजनेत राहू द्यावेत. डिस्क गाडीत हरवू शकते म्हणून ती कूटबद्ध करावी.

मग कोणी काय घ्यावे?

साठा दोनशे जीबीच्या आत असेल, तर क्लाऊडची छोटी योजना आणि वर सांगितलेल्या दोन डिस्क पुरेत. नॅसचा खर्च वाया जाईल. आई-वडील एकटे राहत असतील आणि साठा मोठा असेल, तर दोन कप्प्यांचे तयार यंत्र, एक छोटा यूपीएस आणि मुलाच्या ईमेलवर जाणारे इशारे. यंत्र महाग वाटले तर एक कप्पा कमी करावा, यूपीएस गाळू नये. एकाच डिस्कचे नॅस आणि पुण्यात दुसरी प्रत ही मांडणी, दोन डिस्कचे नॅस आणि बाहेर काहीच नाही, यापेक्षा कितीतरी भरवशाची आहे. घरात जाणता माणूस कायम राहत असेल, कमी विजेचा संगणक हाताशी असेल आणि साठा चार-सहा टीबीच्या पुढे जाणार असेल, तर स्वतः जोडणे फायद्याचे. मोठ्या कप्प्यांच्या तयार यंत्रांची किंमत तिथून झपाट्याने चढते.

यंत्र कुठलेही असो, लावून झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक तपासणी करावी. एखादा जुना फोटो मोबाइलवरून पुसावा आणि तो घरातल्या दुसऱ्या माणसाला, जोडणाऱ्याला न विचारता, नॅसवरून परत आणायला सांगावे. त्याला जमले नाही, तर कृती कागदावर मराठीत लिहून यंत्राच्या डब्यावर चिकटवावी. पासवर्ड मात्र तिथे नको. तो आणि बाहेरगावच्या डिस्कची कूटकिल्ली बंद पाकिटात, घराच्या सातबारा-खरेदीखतांच्या फाइलमध्ये ठेवावी आणि त्या पाकिटाची एक प्रत पुण्याच्या घरीही असावी. शिमग्याला डिस्क बदलताना पाकिटातला पासवर्ड अजून तोच आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.